झाकणावरचे तीन ठोके

४ जून

ती. आईंस,

सा. न. वि. वि. तुमचं पत्र पोचलं. मी बरा आहे. जेवण वेळेवर होतं, हे तुम्ही विचारण्याआधीच लिहून टाकतो.

एक काम निघालं आहे, ते तुम्हाला कळवायला हवं. हिच्या संस्थेतून मला बोलावणं आलं होतं. विभागप्रमुखांनी बसवून घेतलं, चहा दिला आणि मग सांगितलं की हिने इतकी वर्षं रेकॉर्ड केलेले रातकिड्यांचे आवाज संस्थेच्या संगणकावर फार जागा अडवून बसले आहेत. ज्या साहित्याची बाहेरून कोणीच चौकशी करत नाही, ते वर्षअखेरीला पुसून टाकायचं असं वरून ठरलं आहे. माणूस वाईट नाही. म्हणाले, एका जरी संशोधकाने हे मला हवं आहे असं लेखी कळवलं, तरी मी हात लावू देणार नाही. पण मागणार कोण? हे आवाज आहेत हेच कुणाला माहीत नाही.

संगणक विभागातल्या बाईंनी मग मार्ग सुचवला. हल्ली संशोधकांचं इंटरनेटवर एक पान असतं, त्याला प्रोफाइल म्हणतात. फोटो, कामाची माहिती, छापून आलेले लेख, सगळं एका ठिकाणी. ते असलं की कुठल्याही देशातल्या माणसाला आपलं काम सापडतं. हिने ते कधी केलंच नव्हतं. बाई पुष्कळ मागे लागायच्या म्हणे, तर ही म्हणायची, रातकिडा तरी कुठे दिसतो कुणाला, मग मी कशाला दिसू?

तेव्हा मी बसलो. हिचा संस्थेचा ईमेल बाईंनी अजून चालू ठेवला आहे, त्यावरून सुरुवात केली. बघतो तर इंटरनेटच्या लेखी ही तीन वेगळ्या बायका होती. काही लेख लग्नाआधीच्या नावावर, काही नंतरच्या, आणि काही नुसत्या आद्याक्षरांवर. तिघींचा एकमेकींशी काही संबंध नाही. त्यांना एका नावाखाली आणण्यात सगळा आठवडा गेला.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली आहे. पहिल्याच पानावर विचारलं होतं, ही संशोधक तुम्हीच आहात का. खाली ‘हो’ किंवा ‘नाही’, एवढंच. मी तिचा नवरा, असं सांगायला जागा नव्हती. मी ‘हो’ दाबलं. दुकानादुकानांत जाऊन काटा खरा आहे की नाही ते बघायचं आणि मगच शिक्का मारायचा, ही माझी नोकरी. आणि घरी बसून हे केलं. तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडेना.

तुमचा लोभ माझ्यावर आहे, तो या कामावरही असू द्यावा.

आपला,
जावई

---

१२ जून

चि. जावईबापू यांस,

अनेक उत्तम आशीर्वाद. जेवण वेळेवर होतं हे वाचलं. काय जेवता ते लिहिलं नाहीत, यावरून जे समजायचं ते समजले.

मामाने त्याच्या नव्या फोनवर तुमचं पान उघडून दाखवलं. माझ्या या भावाचा फोन आता पाटीएवढा झाला आहे आणि तो दिवसभर त्यातच डोकं घालून असतो. काटेवाल्यांनी काम चोख केलंय, असं त्याचं म्हणणं. माझं म्हणणं वेगळं आहे. तो फोटो कुठला लावलात? ऑफिसच्या ओळखपत्रावरचा ना? त्यात माझी किडू दंड भरायला आल्यासारखी दिसते. गवतात बसून हसते आहे तो लावा. त्यात मी माइकसाठी शिवलेली वाऱ्याची टोपीही दिसते. जगाला दिसायचंच आहे तर माझं शिवणही दिसू दे.

‘हो’ म्हणालात त्यात काय एवढं बिघडलं? लग्नाच्या वेळी तुम्ही खाली मान घालून बसला होतात आणि तुमच्या वतीने तिनेच मला होकार सांगितला होता. तेव्हा मी शिक्का तपासत बसले नाही.

आता एक सांगते, हसू नका. तिच्या नावाशेजारी एक हिरवा ठिपका पेटतो. मामा म्हणाला, माणूस त्या पानावर आलेलं असलं की तो पेटतो. मी बघत बसले. थोड्या वेळाने विझला. तिथे तुम्ही बसला होतात, हे मला समजतं. मला वेड लागलेलं नाही. तरी पण तिन्हीसांजेला थोडा वेळ तिथे जाऊन बसत जा. काही लिहायला नको, काही करायला नको. नुसते बसा.

लोभ करा असं तुम्हाला सांगावं लागत नाही, पण पत्राला शेवट लागतो म्हणून लिहिते.

तुमची,
आई

---

३ जुलै

ती. आईंस,

सा. न. वि. वि. फोटो बदलला आहे. संध्याकाळी बसतो. त्या दोन्ही गोष्टी मामांनी दाखवल्या असतीलच.

या पानाचे ईमेल येतात, त्यांची अजून सवय होत नाही. अभिनंदन, या आठवड्यात तुमचा लेख वाचला गेला, असा एक येतो. परवा आला की बरेच दिवसांत तुम्ही नवीन काही जोडलेलं नाही, आम्ही तुमची वाट पाहत आहोत. यंत्र सगळ्यांना हेच पाठवतं, हे बाईंनी समजावलं. मी लॅपटॉप मिटला आणि गच्चीत जाऊन उभा राहिलो.

बाई म्हणाल्या, नुसते लेख ठेवून भागणार नाही, आवाजही पानावर चढवा, म्हणजे लोक ऐकतील आणि मागतील. मात्र सुरुवातीचं आणि शेवटचं माणसांचं बोलणं कापून टाका, लोकांना स्वच्छ आवाज आवडतो. कापायचं म्हणजे आधी ऐकायला हवं. हिवाळ्यात ही गेल्यापासून मी एकही ऐकलं नव्हतं.

प्रत्येक रेकॉर्डिंगच्या आरंभी हिचा आवाज आहे. जागा कोणती, हवा किती गार, वारा आहे की नाही. हवा गार झाली की रातकिड्याचं गाणं संथ होतं, तेच तर ती मोजत होती. आणि मग म्हणते, आता गप्प. हे मला उद्देशून. कंदील आणि पिशवी घेऊन मीच बरोबर असायचो. त्यानंतर मी जरासुद्धा हलायचं नाही, असा नियम होता. काम झालं की ती रेकॉर्डिंगच्या पेटीच्या लाकडी झाकणावर बोटाने ठोकायची. मग खोकायला, डास मारायला, काहीही करायला मोकळीक.

परवा पहिलं रेकॉर्डिंग लावलं आणि दूध बघायला उठलो. पाठीमागून हिने सांगितलं, आता गप्प. आई, मी तिथेच उभा राहिलो, एक पाय स्वयंपाकघरात, एक बाहेर. शेवटचे ठोके येईपर्यंत हललो नाही. दूध उतू गेलेलं डोळ्यांनी बघत होतो.

मी काही कापलं नाही. आहेत तशी चढवली.

एका रेकॉर्डिंगला ठोके नाहीत. सगळ्यात शेवटचं, घरामागच्या गवतातलं. हिला खुर्चीत बसवून शाल पांघरली होती, पेटी मांडीवर. मी मागे उभा होतो. पुष्कळ वेळ झाला तरी ठोके येईनात. मला वाटलं काम चालू आहे. ती झोपली होती. पेटी आपोआप बंद पडेपर्यंत त्यात नुसते रातकिडे आहेत. तेही चढवलं, पण ऐकलेलं नाही.

लोभ असावाच. पत्र लांबलं, त्याबद्दल राग नसावा.

आपला,
जावई

---

११ जुलै

चि. जावईबापू यांस,

अनेक आशीर्वाद. दुधाचं भांडं लगेच भिजत घातलं असेल तर निघेल, नाहीतर मी आल्यावर बघते.

मामा रोज ते रातकिडे लावून बसतो. मला ऐकवायचं म्हणून आवाज इतका मोठा करतो की शेजारच्या नर्सबाई विचारायला आल्या, घरात किडे झालेत का, औषध मारणारा माणूस पाठवू का. मला काहीच ऐकू येत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. किडू रांगत होती तेव्हा मला मोठा ताप आला, त्यात कान गेले. बारीक आवाज आधी गेले, मग बाकीचे. आणि लेकीने धंदा निवडला तो नेमका आईला न ऐकू येणारा. मी चिडवायचे तिला. ती म्हणायची, आई, तू काही चुकवत नाहीस, सगळे रातकिडे जन्मभर एकच वाक्य बोलतात.

काल भर दुपारी ठिपका पेटला होता. तुम्ही तेव्हा बाजारात काटे तपासत असणार. मामा सांगायला लागला की असं कसं होतं, मी त्याला थांबवलं. तुम्हीही मला सांगू नका.

इकडचा लोभ तुम्हाला पुरत असेल असं धरून चालते.

तुमची,
आई

---

२० ऑगस्ट

ती. आईंस,

सा. न. वि. वि. दुपारच्या ठिपक्याचं सांगू नका म्हणालात, म्हणून सांगत नाही.

आता काळजीचं लिहितो. पानावर हिला एक पत्र आलं आहे. दूरच्या एका विद्यापीठात संशोधक आहेत, कीटकांच्या आवाजांवरच काम करतात. त्यांनी हिची सगळी रेकॉर्डिंग ऐकली. इतकी वर्षं, त्याच त्याच जागी, इतक्या काळजीने केलेलं काम आपण पाहिलं नाही, असं लिहितात. त्यांना ती सगळी अभ्यासासाठी हवी आहेत. आपल्याला हवा होता तोच माणूस आला.

पण त्यांनी एक प्रश्न विचारला आहे. जवळजवळ प्रत्येक रेकॉर्डिंगच्या शेवटी लाकडावर ठोकल्यासारखा आवाज येतो. आधी दोन, मग जरा थांबून एक. जागा बदलली, वर्षं बदलली, तरी ठेका तोच. लाकडात राहणारे काही भुंगेरे डोकं आपटून असा आवाज करतात, त्यांतलाच हा एखादा नवा असावा असं त्यांना वाटतं. रातकिड्यांच्या गाण्याला तो उत्तर देतो का, यावर त्यांना हिच्याबरोबर मिळून लिहायचं आहे. हिचं मत काय ते त्यांनी मागितलं आहे. तुम्हीच हे सर्वांत जवळून ऐकलं असेल, असं शेवटी म्हणतात.

वाचून मला आधी हसू आलं.

आई, गप्प बसलो तर ते गृहस्थ निघून जातील. माहीत नाही म्हटलं तर नसलेल्या किड्यावर लेख छापून येईल, तोही हिच्या नावाने. खरं सांगायचं तर ही नाही, हेही सांगावं लागेल. बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, माणूस हयात नाही असं कळलं की पान गोठवतात, मग तिथे कोणालाच शिरता येत नाही. कधी कधी पूर्णच काढून टाकतात, ते आपल्या हातात नाही. पान गेलं तर आवाजही गेले, आणि वर्षअखेर काही लांब नाही. पान राहिलं तरी ठिपका पुन्हा पेटणार नाही, हे नक्की.

‘हो’ मी तुम्हाला न विचारता दाबलं होतं. हे विचारून करीन.

उत्तराची वाट पाहतो. लोभाविषयी या वेळी काही लिहीत नाही, तो गृहीत धरला आहे.

आपला,
जावई

---

२६ ऑगस्ट

चि. जावईबापू यांस,

आशीर्वाद.

नाही. काही लिहू नका. प्रवासात आहे म्हणावं, नाहीतर कामात आहे म्हणावं. संशोधक माणसं कामात असतातच.

हिवाळ्यात सगळ्यांनी माझ्यासमोर ओठ हलवून हलवून मला ते सांगितलं. तुम्ही तर कागदावर लिहून दाखवलंत, कारण मी ओठ वाचत नाही असं सोंग केलं होतं. आता कुठल्या एका परक्या माणसाला ते पुन्हा सांगायचं. एवढी एक जागा आहे जिथे तिला काही झालेलं नाही. मामा म्हणतो, ताई, तू ठिपक्याला धरून बसली आहेस. बसले आहे.

तुमची,
आई

---

२ सप्टेंबर

चि. जावईबापू यांस,

अनेक आशीर्वाद. मागचं पत्र तिरसट होतं. त्याचा राग धरला असेल तर सोडा.

मामाने फोनला जोडायचा एक डबा आणला आहे, आवाज मोठा करणारा. काल संध्याकाळी तो त्याने टेबलावर ठेवला आणि रातकिडे लावले. हे टेबल म्हणजे माझं जुनं कापड बेतायचं टेबल. आता त्यावर त्याची वर्तमानपत्रं आणि माझ्या औषधांच्या बाटल्या असतात. मी शेंगा सोलत होते. डावा हात टेबलावर टेकलेला होता. आणि लाकडातून हाताला ठोके लागले. दोन, मग एक.

मी मागे वळून दाराकडे पाहिलं.

मामाने माझा चेहरा बघितला आणि डबा बंद केला. पाणी आणू का विचारलं. मी पुन्हा लावायला सांगितलं.

तुम्ही पत्रात तेच लिहिलं होतं, आधी दोन मग थांबून एक. मी वाचलं आणि मला काहीही आठवलं नाही. डोळ्यांना कळलं नाही ते हाताला कळलं. जावईबापू, माझं मशीन खिडकीशी होतं, उजेडासाठी, म्हणजे दाराकडे माझी पाठ. शाळेच्या गणवेशांचं काम, सुई भरधाव चाललेली. मागून कोणी खांद्याला हात लावला की मी दचकायचे, एकदा सुई बोटात गेली. तेव्हा किडू पहिलीत असेल. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेतून आली की मशीनला लागून असलेल्या याच टेबलाच्या कडेला ठोकायची, माझा हात तिथे टेकलेला असला की मला लागायचं. दोन, थांबून एक. म्हणजे मी आले, आता वळ. कॉलेज संपेपर्यंत असंच. तुमचं लग्न ठरलं त्याआधीच मशीन विकलं, म्हणून तुम्ही हे कधी पाहिलं नाही. आणि ती अंधारात तुमच्याजवळ तेच करत होती, मला कधी बोलली नाही. तिला स्वतःला तरी ठाऊक होतं का, कोण जाणे.

त्या गृहस्थांना लिहा. म्हणावं, हा किडा नाही. बाकीचंही खरं लिहा. माझ्या पोरीला कोणी भुंगेरा समजावं आणि मी ठिपका बघत बसावं, हे मला चालणार नाही. पान राहिलं तर राहिलं.

बोटं दुखतात म्हणून इथे थांबते. लोभ थांबत नाही.

तुमची,
आई

---

३० सप्टेंबर

ती. आईंस,

सा. न. वि. वि. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी लिहिलं. मी तिचा नवरा, ती हिवाळ्यात गेली, हे पान मी केलं, आणि ‘हो’ म्हणणं खोटं होतं. ठोके तिच्या बोटाचे, आणि ते ती कुणासाठी शिकली तेही तुमच्या शब्दांत लिहिलं. तुमची परवानगी त्यात आली असं समजलो.

बरेच दिवस काही आलं नाही. मग त्यांचं उत्तर आलं, थोडक्यात. लिहितात, मी ते ठोके पुन्हा ऐकले, आता त्यांना किडा म्हणणं मला कधीच जमणार नाही. त्याबरोबर त्यांनी विभागप्रमुखांना रीतसर मागणीपत्र पाठवलं होतं. ते प्रमुखांनी मला स्वतः वाचून दाखवलं. रेकॉर्डिंग राहणार, सगळी, न कापता. बाई यादी करत आहेत. त्यात प्रत्येक आवाजापुढे तो कोणाचा ते लिहावं लागतं. ठोक्यांपुढे काय लिहू, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, संशोधकाचा. त्यांनी तसं लिहिलं.

पान काढलं नाही. तिच्या स्मरणार्थ, असं वर लिहून गोठवलं आहे. नवरा असं सांगायलाही जागा होती, पार शेवटच्या पानावर. फोटो तोच आहे, तुमची टोपी दिसते. ठिपका गेला. मामांनी तुम्हाला दाखवलं असेल.

त्या संशोधकांनी शेवटी विचारलं होतं की गवतातल्या रेकॉर्डिंगला ठोके का नाहीत, शेवट कापला गेला का. ती झोपली होती, असं मी कळवलं. त्यांचं समाधान झालं.

माझं झालेलं नाही. हे दुसऱ्या कोणाला लिहिता आलं नसतं. संध्याकाळी घरात वावरताना मी मधेच थांबतो. हातात कपडे असतात, भांडं असतं, आणि मी उभा असतो. काय करत होतो ते आठवतं, पण पुढे जाता येत नाही. एका दुकानदाराने परवा विचारलं, साहेब, काटा बरोबर आहे ना? मी त्याच्यासमोर तसाच उभा राहिलो होतो. अजून तिचं काम संपलेलं नाही आणि मी हललो तर बिघडेल, असं काहीतरी वाटतं. डॉक्टरांकडे जाण्यासारखं हे आहे की नाही, कळत नाही.

तुमचा लोभ होता म्हणून एवढं झालं. पुढेही लागेल.

आपला,
जावई

---

६ ऑक्टोबर

चि. जावईबापू यांस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

ठिपका नाही, ते पाहिलं. पहिले दोन दिवस तरी मामाला फोन उघडायला लावला. आता तो आपणहून विचारतो आणि मी नको म्हणते. त्याला वाटतं मी रागावले आहे. त्याला तसंच वाटू दे, तेवढा वेळ तो भांडी घासतो.

डॉक्टरांकडे जायचं तर जा, पण आधी इकडे या. या रविवारी या. येताना ते शेवटचं रेकॉर्डिंग आणा. मामाला दिवसभर त्याच्या मित्राकडे पाठवते आहे. टेबल रिकामं करून पुसून ठेवलं आहे, बाटल्या खिडकीत हलवल्या.

तुम्ही उभे राहा, बसा, जसं तेव्हा होतात तसे. ते लावा आणि शेवटपर्यंत चालू द्या, मधे थांबवू नका. मला रातकिडे ऐकू येणार नाहीत, म्हणून पेटी बंद पडली की मला हाताने खूण करा.

मग ठोके मी देते.

तुमची,
आई